पलीकडचा आकडा

महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या सकाळी, माझी आत्या ओढ्याच्या तोंडाशी पाण्याचं माप घेते आणि मी ते लिहून घेते. काम अगदी साधं आहे. ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे वीस ढांगांचं पात्र आहे. त्यावर आडवी दोरी ताणायची. दोरीला ढांगेढांगेवर गाठी आहेत. आत्या प्रत्येक गाठीपाशी उभी राहून मापाची काठी तळाला टेकवते, पाणी किती सेंटिमीटर आहे ते पाहते आणि आकडा पुकारते. सगळं मिळून पाऊण तासाचं काम.

पण आमच्याकडे कुठलंही साधं काम साधं राहत नाही, कारण ओढ्याला दोन काठ आहेत.

आमच्या काठावर मळेवाले राहतात. माझे बाबाही भाजी पिकवतात. पलीकडे होडीवाले. ओढ्याचं तोंड गाळाने भरलं की त्यांच्या होड्या अडकतात, म्हणून त्यांना ते खणून हवं असतं. खणलं की भरतीचं खारं पाणी आत शिरतं आणि आमची भाजी करपते, म्हणून आम्हाला ते नको असतं. पाणीखात्याने ठरवलं आहे की माप बघून काय ते करू. झालं! तेव्हापासून मापावरून भांडणं. पाणी उथळ निघालं की आमचे लोक म्हणतात काठी खोटी. खोल निघालं की त्यांचे लोक म्हणतात मोजणारी खोटी. मोजणारी म्हणजे माझी आत्या. ती खात्यात नोकरीला आहे, आमच्याच घरी राहते आणि दोन्ही काठांवर सारख्याच शिव्या खाते.

शेवटी वैतागून तिनेच नियम केला. दोन्ही काठांवर एकेक लिहिणारा बसवायचा. आत्याने आकडा पुकारला की आधी आमच्या काठावरून तो परत म्हणायचा, मग त्यांच्या काठावरून. दोन्ही काठांवरून आकडा परत आला की मगच आत्या पुढच्या गाठीला जाणार. कुणाला आकडा पटला नाही तर त्याने "चूक" म्हणायचं, आणि आत्या तिथेच थांबून पुन्हा मोजणार. बाकी एक शब्द बोलायचा नाही. कारण एकदा माप चालू असताना दोन्ही काठांवरून इतकी बाचाबाची झाली, की आत्या भरतीचं पाणी छातीला लागेपर्यंत मध्येच उभी होती. तिला पोहता येत नाही. "कमरेएवढ्या पाण्यात पोहायला मी काय बदक आहे?" असं ती म्हणते. ओढा ओहोटीला कुठेच कमरेच्या वर नसतो, हे खरं आहे.

आमच्या काठावर लिहायला मी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. आवाज मात्र नाही. शाळेत हजेरी देतानासुद्धा बाई दोनदा मान वर करतात.

त्यांच्या काठावर घड्याळकाका. ते जाळी विणतात, आणि आयुष्यात एकदाही वेळेवर आलेले नाहीत, म्हणून हे नाव. आकडा परत म्हणण्याआधी ते घसा खाकरतात. मग उपकार केल्यासारखा आकडा म्हणतात. पाणी जरा खोल निघालं की "चूक!" म्हणून ओरडतात. दरवेळी. खोल आकडा लिहिला तर खणकाम होणार नाही ना! मग आत्या पुन्हा मोजते, तोच आकडा येतो, काका कुरकुरत लिहितात. एका मापात सात-आठ वेळा हे चालतं.

त्या दिवशी सकाळी सातला आम्ही पोचलो तर धुकं होतं. साधंसुधं नव्हे. मी काठावर बसले आणि पाय पाण्याच्या दिशेने लांब केले, तर चपला अंधुक दिसत होत्या. ओल्या गाळाचा, शेवाळाचा आणि कुजलेल्या दोरखंडाचा वास एरवी वाऱ्याने उडून जातो. त्या दिवशी तो अंगावर बसल्यासारखा झाला होता. लाटांचा आवाज नव्हता. समुद्र दोनशे पावलांवर आहे आणि तो ऐकू येत नव्हता.

"आज राहू दे ना," मी म्हणाले.

"काय?"

"आज... राहू दे."

"अगं, मोठ्याने बोल गं जरा! मी समोर उभी आहे तरी ऐकू येत नाही. राहू दे काय? पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी. तोवर दोन्हीकडचे लोक माझ्या दारात येऊन बसतील. ओढ दोरी."

दोरीचं पलीकडचं टोक त्यांच्या खांबाला कायमचं बांधलेलं असतं. एरवी दोरी तळाशी पडून राहते, म्हणजे होड्यांना आडवी येत नाही. आम्ही दोघींनी आमचं टोक ओढून आमच्या खांबाला करकचून बांधलं. दोरी पाण्यातून निथळत वर आली. पाच-सहा गाठी दिसल्या. पुढे पांढरं.

आत्याने हाताचा भोंगा केला. "काका! आलात का?"

काही नाही.

"बघ. आठ वाजता उगवतील आणि म्हणतील, तुम्ही लवकर सुरू केलंत." तिने साडी गुडघ्याच्या वर खोचली. "कधीतरी, एकदा तरी, या माणसाने—"

"हो," असं पलीकडून आलं.

एवढंच. आत्याने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे आज सूर्य कुठून उगवला, असं. मग काठी उचलून ती पाण्यात उतरली.

"आठ," ती म्हणाली.

"आठ," मी म्हणाले.

"आठ," पलीकडून आलं.

खाकरणं नाही, काही नाही. मला वाटलं, उशीर झाला नाही याचीच काकांना लाज वाटत असेल. मी लिहिलं.

"पंधरा."

"पंधरा."

"पंधरा."

पाचव्या गाठीनंतर आत्या दिसेनाशी झाली. दोरी मात्र तिच्या हाताने हलत होती. काठी दगडाला लागल्याचा टक् असा आवाज यायचा, मग आकडा. चव्वेचाळीस. त्रेसष्ट. आठव्या गाठीला एकाहत्तर. मी वही गुडघ्यावर घेऊन लिहीत होते. कागद दमट झाला होता आणि पेन्सिल त्याच्यावर नीट उमटत नव्हती, त्यामुळे मी प्रत्येक आकडा दोनदा गिरवत होते. म्हणूनच बहुधा मला जरा उशिराने जाणवलं, की पलीकडचा आवाज आता माझ्यासाठी थांबत नव्हता.

आत्या म्हणाली, "ब्याऐंशी."

मी तोंड उघडलं, तोवर तो म्हणाला, "ब्याऐंशी." मग मी म्हणाले.

दहाव्या गाठीला ब्याऐंशी असतंच. तिथून पुढे पाणी उतरायला लागतं. अकराव्याला साधारण शहात्तर.

टक्.

"पंच्याण्णव," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात वैताग होता. कुणीतरी चोरून गाळ काढला असणार आणि त्यावरून आता महिनाभर पंचायत होणार, हे तिच्या डोक्यात आलं असावं. माझ्याही आलं.

"पंच्याण्णव," पलीकडून.

"पंच्याण्णव," मी.

मी वाट पाहत होते. आता काका "चूक" म्हणणार, मग नियम मोडून "डोळे फुटले का" म्हणणार, "आत्या-भाची दोघी एकाच ताटात जेवता, आम्हाला माहीत नाही का" म्हणणार.

काहीच आलं नाही.

बाराव्या गाठीला टक् झालं नाही. काठी मऊ कशात तरी रुतल्यासारखा आवाज आला.

"एकशे दहा."

"एकशे दहा," पलीकडून, तितक्याच शांतपणे.

मी आकडा लिहिला आणि पुन्हा वाचून पाहिला. पंधरा महिने मी या कामाला येते आहे. पंधरा महिन्यांत घड्याळकाकांनी ब्याऐंशीचा आकडासुद्धा भांडल्याशिवाय लिहिलेला नाही, आणि आज त्यावरही एक शब्द नव्हता. एकशे दहा! हा आकडा खात्यात गेला तर होडीवाल्यांचं खणकाम पाच वर्षं होणार नाही. घड्याळकाका उडी मारून पाण्यात उतरले असते. त्यांनी आत्याच्या हातून काठी हिसकावली असती.

तिथे काका नव्हते.

मी आकडा परत म्हणाले नाही. म्हणाले नाही, म्हणजे आत्या थांबायला हवी होती. पण दोरी पुढे हलली. धुक्यात तिने तो एकच आवाज दोघांचा धरला असावा.

"एकशे... चौतीस." आता तिचा श्वास लागत होता. आत्या माझ्याएवढीच बुटकी आहे. एकशे चौतीस म्हणजे हनुवटी.

"एकशे चौतीस."

तो आवाज गंभीर नव्हता, घोगरा नव्हता. परीक्षेला बसलेला कुणीतरी नीट, एकही चूक न करता उत्तर देतोय असा होता. आणि तो काठावरून येत नव्हता. पाण्याच्या पातळीवरून येत होता.

मला ओरडायचं होतं, आत्या, मागे ये. पण पाण्यात असताना आकड्याशिवाय काही बोलायचं नाही, हा तिचाच नियम. आणि मी काहीही म्हटलं असतं तरी ती म्हणाली असती, मध्ये बोलू नकोस. मला एकच शब्द म्हणायची परवानगी होती.

"चूक," मी म्हणाले.

नेहमीसारखंच निघालं. माझ्या ओठांपर्यंतच.

दोरी हलली.

"चूक!" मी उभी राहिले. वही पडली. "चूक! चूक!"

दोरी थांबली.

"काय चूक?" आत्याचा आवाज. तोंडात पाणी गेल्यासारखा. "एकशे चौतीस."

"एकशे चौतीस," पलीकडून.

"चूक!"

"अगं, दोनदा बघितलं! एकशे चौतीस!"

"एकशे चौतीस," पलीकडून. जरासा जवळून.

"चूऽऽक!" माझा घसा फाटला. आयुष्यात मी इतकं ओरडले नव्हते.

"ही मुलगी!" आत्या नियम-बियम विसरून कडाडली. "पंधरा महिने तोंडातून आवाज निघत नाही आणि आज बघा! मी इथे गळ्याएवढ्या पाण्यात मरतेय आणि ही काठावर बसून मला शिकवतेय! थांब, येते. वही दाखव मला. थांब तू!"

दोरी उलटीकडे हलायला लागली. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. बारा, अकरा, दहा, मी मनात गाठी मोजत होते. आत्या शिव्या देत येत होती. माझ्या बाबांना, माझ्या शाळेला, पाणीखात्याला. मला वाटत होतं, देत राहा, अजून दे, थांबू नकोस. आणि तिच्या शिव्यांच्या मध्ये मध्ये, दर काही क्षणांनी, तो आवाज तोच आकडा म्हणत होता. एकशे चौतीस. वाट पाहत. एकशे चौतीस.

आत्या धुक्यातून बाहेर आली ती गळ्यापर्यंत भिजलेली. तिने आधी माझा कान धरला, मग वही उचलली.

"पंच्याण्णव, एकशे दहा... बरोबर तर लिहिलंयस! मग बोंब कशाला मारलीस? बोल!"

"घड्याळकाका भांडले नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"एकशे दहाला... भांडले नाहीत."

आत्याने माझा कान सोडला नाही. पण ओढायची थांबली. ती ओढ्याकडे वळून पाहायला लागली.

तेवढ्यात आमच्या मागे, मळ्यांच्या बाजूने, सायकल आपटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी खाकरलं.

"माझ्याशिवाय सुरू केलंत!" घड्याळकाका धापा टाकत म्हणाले. "मला माहीतच होतं. मी काल रात्री बहिणीकडे राहिलो, तुमच्या काठाला. आता पुलावरून पलीकडे जायला निघालो तर धुक्यात सायकल दोनदा खड्ड्यात. म्हटलं, इकडूनच हाक मारून सांगावं, आज माप नको. आणि बघतो तर काय, तुम्ही भिजून तयार! ही पद्धत झाली का ताई? ही तुमच्या लोकांची जुनी खोड..."

"काका," आत्या म्हणाली, "जरा गप्प बसा."

"का म्हणून गप्प बसू? माझ्या काठावर कोण—"

"एकशे चौतीस," पलीकडून आलं.

काका थांबले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. घाबरायच्या आधी त्यांना राग आला, हे मी स्पष्ट पाहिलं.

"कोण आहे रे तिकडे? माझ्या जागेवर बसून आकडे म्हणतोस? एकशे चौतीस? तुझ्या बापाने मोजलं होतं का एकशे चौतीस? चूक! साफ चूक!"

आवाज बंद झाला.

धुक्याचे थेंब दोरीवरून एकेक करून पाण्यात पडत होते. मग दोरी ताणली गेली. आमचा खांब किंचित करकरला. पलीकडच्या टोकाशी कुणीतरी तिला हात घातला होता.

पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला. सावकाश, खळबळ न करता.

टक्.

"बारा."

बारा म्हणजे पलीकडच्या काठाची पहिली गाठ. मी वहीत न पाहताही सांगू शकते.

काकांनी सवयीने घसा खाकरला. त्यांचं तोंड उघडलं, "बा—"

आत्याने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. ओल्या, गाळाने बरबटलेल्या हाताने. काका डोळे विस्फारून तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनाही कळलं. त्यांनी स्वतःचा हात तिच्या हातावर ठेवला आणि आणखी घट्ट दाबून धरला. मी दोन्ही हातांनी माझं तोंड मिटून घेतलं, जरी माझ्या बाबतीत त्याची गरज नव्हती.

"बारा," पलीकडून आलं. चौकशी केल्यासारखं.

आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. भरतीचं पाणी आमच्या पायांना लागलं तेव्हा धुकं विरळ झालं होतं. पलीकडे खांब होता, त्याला दोरी होती, आणि दोरी सैल होती.

पंधरा दिवसांनी स्वच्छ उन्हात आम्ही पुन्हा माप घेतलं. दहाव्या गाठीला ब्याऐंशी, अकराव्याला शहात्तर, बाराव्याला सत्तर. काकांनी चौदा वेळा "चूक" म्हटलं. आत्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मग आम्ही दोन्ही टोकं सोडून दोरी काढून टाकली. पाणीखात्याने तोंडाशी मोजायचं यंत्र बसवलं. आता दोन्ही काठांचे लोक यंत्र खोटं आहे म्हणतात.

आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. आत्याने आमच्या वस्तीत दारोदार जाऊन सांगितलं, काकांनी त्यांच्या. धुकं असेल त्या सकाळी ओढ्यावरून आकडा ऐकू आला तर परत म्हणू नका. काही करू नका, फक्त तोंड बंद ठेवा. यापेक्षा सोपं काय सांगायचं माणसांना? सुरुवातीचे दोन महिने धुक्यात "बारा" ऐकू यायचं आणि कुणी काही म्हणायचं नाही, तेव्हा ते तिथेच राहिलं. दोरी नसली तरी ते नियम पाळतं. दोन्ही काठांवरून आकडा परत आल्याशिवाय पुढची गाठ घेत नाही.

तिसऱ्या महिन्यात ते "चोवीस" म्हणालं.

मग भांडण सुरू झालं. आमचे लोक म्हणाले, होडीवाल्यांपैकी कुणीतरी गंमत म्हणून उत्तर दिलं. होडीवाले म्हणाले, मळेवाल्यांच्या पोरांनी दिलं. आत्या दोघांच्या मध्ये उभी राहून डोकं धरून ओरडली, "अहो, एका काठाने भागत नाही त्याचं! दोन्हीकडून कुणीतरी म्हणतंय! एक तुमचा आणि एक आमचा!" हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. लोक म्हणाले, आमच्यातला कोण म्हणेल? ते घरी गेले. पुढच्या धुक्यात ते "सत्तर"पर्यंत पोचलं. त्याच्या पुढच्या धुक्यात मधल्या गाठीचं ब्याऐंशी आलं, आणि मग आकडे उतरायला लागले.

काल सकाळी पुन्हा धुकं होतं. मी शाळेसाठी वेणी घालत होते. आमचं घर ओढ्यापासून लांब आहे, तिथून काही ऐकू यायचं कारण नाही. पण टक् असा आवाज आला आणि पाठोपाठ, नीट, स्पष्ट:

"एकवीस."

मी जुनी वही काढून बघितली. आमच्या काठापासून तिसऱ्या गाठीला एकवीस असतं.

पलीकडच्या काठावरून कुणीतरी ते परत म्हणालं. माणूस ओळखता आला नाही. मी वही मिटली. आमच्या बाजूने कुणी बोलू नये, एवढंच मागत होते. स्वयंपाकघरात आत्या उभी होती, दूध तापत होतं, तिची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही. बाबा मळ्यात गेले होते. आई अजून उठली नव्हती.

मग आमच्या काठावरून उत्तर आलं. इतक्या हळू, की शाळेत बाईंनी दोनदा मान वर केली असती.

आत्याने गॅस बंद केला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हणाले.

"मला दिसतंय तू इथे आहेस ते," आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, "मग तिथे कोण आहे?"